शून्यावर चार

विजयाच्या कथा पुष्कळ तपशिलाने सांगितल्या जातात. पराभव मात्र एखाद्या आकड्यात किंवा एखाद्या उपहासाच्या शब्दात गुंडाळून बाजूला ठेवण्याची लोकांची रीत आहे. भारतीय क्रिकेटच्या इतिहासात असा एक आकडा आहे. तो दिनांक ७ जून १९५२ रोजी, शनिवारी, इंग्लंडमधील लीड्सच्या मैदानावरील फलकावर लागला. धावा शून्य, गडी बाद चार. कसोटी सामन्यातील एखाद्या डावाचा याहून वाईट आरंभ तोपर्यंत कोणी पाहिला नव्हता. त्या फलकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि त्या दौऱ्याची सारी हकीकत त्या एका चौकटीत कायमची बंदिस्त झाली.

त्या चार गड्यांची नावे पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. रॉय कलकत्त्याचे, गायकवाड बडोद्याचे, मांजरेकर मुंबईचे. मंत्री मुंबईकडून खेळत, तथापि त्यांचा जन्म १९२१ साली नाशिक येथे झाला होता. संघाचे कर्णधार विजय हजारे हे सांगलीचे, आणि त्यांचे खंदे सहकारी दत्तू फडकर हे कोल्हापुरात जन्मलेले. तेव्हा लीड्सची ही घटना सहा हजार कोसांवरची वाटली तरी तिच्यातील माणसे आपल्या अंगणातलीच होती. त्यांच्यावर पुढे जी टीका झाली तिचा सूर एकच होता : ही माणसे वेगवान गोलंदाजीला भ्याली. हा निवाडा कितपत खरा, आणि त्या पराभवाची मुळे खरोखर कोठे होती, हे पाहणे आजही उद्बोधक आहे.

या दौऱ्याच्या चारच महिने अगोदर भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला होता. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताने पहिला कसोटी सामना खेळला. त्यानंतर वीस वर्षे विजयाची वाट पाहावी लागली. अखेर फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासच्या चेपॉक मैदानावर इंग्लंडचा एक डाव व ८ धावांनी पराभव झाला. विनू मंकड यांनी त्या सामन्यात बारा गडी बाद केले आणि पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांनी शतके काढली. कर्णधार हजारेच होते. स्वातंत्र्य मिळून अवघी साडेचार वर्षे झाली होती, त्यामुळे या विजयाचा आनंद खेळापुरता उरला नाही. आता इंग्लंडमध्ये जाऊन इंग्रजांना हरवावयाचे, अशी उमेद घरोघरी निर्माण झाली.

परंतु त्या उमेदीत एक गोष्ट दृष्टिआड झाली. भारतात आलेला तो इंग्लिश संघ इंग्लंडचा पूर्ण ताकदीचा संघ नव्हता. लेन हटन, डेनिस कॉम्प्टन, ॲलेक बेडसर असे त्यांचे पहिल्या प्रतीचे खेळाडू त्या हिवाळ्यात घरी विसावा घेत होते. भारतीय संघ इंग्लंडला पोहोचला तेव्हा त्याची गाठ याच विसावलेल्या मंडळींशी पडावयाची होती. शिवाय खेळाचे मैदान त्यांचे, हवा त्यांची आणि ओली जमीनही त्यांचीच.

इकडे भारतीय संघाचे बळ मात्र घटले होते. विजय मर्चंट यांनी नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीच्या कसोटीत १५४ धावा काढल्या, त्याच सामन्यात त्यांचा खांदा दुखावला आणि त्यांची कसोटी कारकीर्द संपली. मुश्ताक अली आणि लाला अमरनाथ यांची निवड झाली नाही. इंग्लंडच्या हवेत खेळून तावून सुलाखून निघालेले हे तिघेही घरी राहिले.

याहून मोठी उणीव विनू मंकड यांची होती. १९४६ च्या दौऱ्यात एक हजार धावा आणि शंभर बळी असा दुहेरी पराक्रम मंकड यांनी केला होता. लँकेशायरमधील हॅसलिंग्डन या गावच्या क्लबाने त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून हंगामाचा करार देऊ केला होता. क्रिकेट हीच मंकड यांची उपजीविका होती. दौऱ्यासाठी आपली निवड निश्चित होणार असेल तर करार सोडून देतो, तसे आश्वासन मिळावे, अशी त्यांनी क्रिकेट नियामक मंडळाकडे मागणी केली. मंडळाने आश्वासन नाकारले. निवड ही कोणालाही आगाऊ कबूल करता येत नाही, हे मंडळाचे तत्त्व चुकीचे म्हणता येणार नाही. पण ज्याचे पोट खेळावर आहे त्याने महिनोनमहिने अनिश्चिततेत राहावे ही अपेक्षाही व्यवहाराला धरून नव्हती. मंकड हॅसलिंग्डनला गेले आणि भारताचा संघ आपल्या सर्वश्रेष्ठ अष्टपैलू खेळाडूवाचून बोटीवर चढला.

योगायोग असा की, व्यावसायिक खेळाडूचा हाच प्रश्न इंग्लंडमध्येही त्याच सुमारास वेगळ्या रूपाने सुटत होता. तेथे क्रिकेटमध्ये सद्गृहस्थ आणि वेतनी खेळाडू असे दोन वर्ग असत आणि संघाचे नेतृत्व सद्गृहस्थाकडेच जावे असा रिवाज होता. लीड्सच्या सामन्यासाठी इंग्लंडने तो मोडला आणि यॉर्कशायरचा वेतनी खेळाडू लेन हटन याला कर्णधार नेमले. विसाव्या शतकात असा मान मिळालेला तो पहिलाच. एका देशाने वेतनी खेळाडूच्या हाती संघ सोपविला, आणि दुसऱ्याने आपला वेतनी खेळाडू संघाबाहेर ठेवला. एवढ्या एका गोष्टीने सामन्याचा निकाल ठरला असे नाही, परंतु कोण किती तयारीने मैदानात उतरले याची ती खूण होती.

लीड्सचा सामना ५ जूनला सुरू झाला. हजारे यांनी नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. तीन गडी ४२ धावांत बाद झाले. मग वीस वर्षांचे मांजरेकर हजारे यांना येऊन मिळाले आणि या जोडीने चौथ्या गड्यासाठी २२२ धावा जोडल्या. मांजरेकर यांनी १३३ आणि हजारे यांनी ८९ धावा काढल्या. त्याच मैदानावर, त्याच गोलंदाजांपुढे, दोन दिवसांनंतर शून्यावर बाद होणाऱ्या मांजरेकरांचीच ही शतकी खेळी होती, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. परंतु ही जोडी फुटताच उरलेला डाव ढासळला. ३ बाद २६४ वरून सर्व बाद २९३. इंग्लंडने ३३४ धावा केल्या. गुलाम अहमद यांनी पाच बळी घेतले. म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत दोन्ही संघांत अवघ्या ४१ धावांचे अंतर होते. सामना कोणाचाही होऊ शकला असता.

दुसरा डाव सुरू झाला. चेंडू फ्रेड ट्रूमनच्या हाती होता. हा यॉर्कशायरचा एकवीस वर्षांचा जवान, खाणकामगाराचा मुलगा, त्या वेळी विमानदलात सक्तीची सेवा करीत होता आणि त्याचा हा पहिलाच कसोटी सामना होता. त्याच्या दुसऱ्याच चेंडूवर रॉय यांचा झेल कॉम्प्टनने टिपला. पुढच्या षटकात बेडसरच्या चेंडूवर गायकवाड लेकरच्या हाती झेल देऊन परतले. ट्रूमनने पुन्हा चेंडू घेतला आणि लागोपाठच्या दोन चेंडूंवर मंत्री आणि मांजरेकर यांचे त्रिफळे उडविले. डावाचे अवघे चौदा चेंडू झाले होते. फलकावर एकही धाव नव्हती आणि चार गडी तंबूत परतले होते.

हजारे आत आले. त्यांनी पुढचा चेंडू थोपविला आणि ट्रूमनची हॅट्ट्रिक हुकली. २६ धावांवर उम्रीगरही बाद झाले. त्यानंतर हजारे आणि फडकर यांनी जे केले ते त्या छायाचित्रात दिसत नाही. या दोघांनी १०५ धावांची भागीदारी केली. फडकर यांनी ६४ आणि हजारे यांनी ५६ धावा काढल्या. डाव १६५ धावांवर आटोपला आणि सोमवारी इंग्लंडने सात गडी राखून सामना जिंकला. शून्यावर चार गडी गमावलेल्या संघाने त्यानंतर १६५ धावा जमविल्या, हे वाक्य त्या आकड्याच्या शेजारी क्वचितच लिहिले जाते.

या पराभवाने मंडळाला जाग आली. मंकड यांना मोकळे करावे अशी विनंती हॅसलिंग्डनच्या क्लबाला करण्यात आली, ती मान्य झाली, आणि जी गोष्ट मार्चमध्ये अशक्य होती ती जूनमध्ये शक्य झाली. १९ जूनला लॉर्ड्सवर मंकड संघात आले. तो सामना आजही मंकड यांच्याच नावाने ओळखला जातो. पहिल्या डावात सलामीला येऊन त्यांनी ७२ धावा केल्या. मग इंग्लंडच्या ५३७ धावांच्या डावात त्यांनी ७३ षटके गोलंदाजी केली आणि १९६ धावांत ५ बळी घेतले. एवढे श्रम झाल्यावर ते पुन्हा सलामीला आले आणि १८४ धावा काढून गेले. भारतीय फलंदाजाची कसोटीतील ती तोवरची सर्वोच्च खेळी होती. हजारे यांच्यासह त्यांनी २११ धावांची भागी केली. तरीही इंग्लंड आठ गडी राखून विजयी झाले. एक माणूस, तो कितीही थोर असला तरी, संघाच्या अकरा माणसांची उणीव भरून काढू शकत नाही, हाच त्या सामन्याचा धडा होता.

जुलैमध्ये मँचेस्टरला तर त्याहून मोठी नामुष्की वाट्याला आली. पावसाच्या व्यत्ययात इंग्लंडने ९ बाद ३४७ वर डाव सोडला. १९ जुलैला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, ओलसर खेळपट्टीवर आणि पाठीशी जोराचा वारा घेऊन ट्रूमन धावत आला. फलंदाजाच्या मागे झेल टिपणाऱ्यांची अर्धवर्तुळाकार रांगच उभी होती. ट्रूमनने ३१ धावांत ८ गडी बाद केले आणि भारताचा डाव ५८ धावांत संपला. दुसरा डाव बेडसर आणि लॉक यांनी ८२ धावांत गुंडाळला. एका दिवसात एकाच संघाचे दोन्ही डाव आटोपण्याची ती कसोटी इतिहासातील पहिलीच वेळ. ऑगस्टमध्ये ओव्हलवर भारताचे ५ गडी ६ धावांत बाद झाले होते. तेथेही डाव ९८ धावांवर आटोपला, आणि पराभव टळला तो केवळ पावसाच्या कृपेने.

चार सामन्यांच्या मालिकेत ट्रूमनचे बळी २९ झाले. पंकज रॉय यांच्या सात डावांपैकी पाच डावांत भोपळा होता, आणि त्यांतील शेवटचे चार ओळीने. उम्रीगर यांची गोष्ट सर्वांत विलक्षण होती. दौऱ्यातील सर्व प्रथम श्रेणीचे सामने मोजले तर भारताचे सर्वांत यशस्वी फलंदाज तेच होते. त्यांनी तीन द्विशतकांसह १,६८८ धावा केल्या. परंतु कसोटीच्या सात डावांत त्यांच्या धावा होत्या केवळ ४३. ट्रूमन धावत येऊ लागला की ते पंचाच्या दिशेने सरकतात, अशी थट्टा तेव्हापासून चालत आली.

आता मूळ प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. हे भय होते काय?

चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने आला तर गोलंदाजाच्या हातून सुटल्यापासून फळीपर्यंत पोहोचण्यास त्याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. एवढ्या वेळात चेंडू कोठे पडणार, किती उसळणार, पाय पुढे टाकावा की मागे घ्यावा, आणि खेळावा की सोडून द्यावा, हे सर्व ठरवावयाचे असते. विचार करून हे ठरविणे माणसाला अशक्य आहे. सायकल चालविणारा जसा तोल विचाराने सांभाळत नाही, तसाच फलंदाजही सवयीने खेळतो. सवय लागते ती हजारो चेंडू खेळून. ज्याने आयुष्यात असे चेंडू फारसे पाहिलेच नाहीत त्याचे पाय ऐन क्षणी जागच्या जागी खिळतात किंवा बाजूला सरतात. बघणाऱ्याला ते भय वाटते. वस्तुतः ते बहुतांशी अपरिचय असते.

हा अपरिचय आला कोठून? त्याचे पहिले उत्तर आपल्या जमिनीत आहे. नाशिकहून उत्तरेस दिंडोरीकडे गेले की तेथील एखाद्या पटांगणावर मुले चेंडूफळी खेळताना दिसतील. खाली मुरूम किंवा कडक, उन्हाने भाजलेली माती असते. अशा वाळलेल्या जमिनीवर जोराने टाकलेल्या चेंडूचाही दम निघून जातो. तो गुडघ्यापर्यंत आला तर आला. पाय पुढे टाकून बिनधास्त फळी फिरविण्याची सवय मुलाला येथेच लागते. जून उजाडला की रान ओले होते, पेरणीची धांदल सुरू होते आणि खेळ बंद पडतो. आपल्याकडे क्रिकेटचा हंगाम म्हणजे दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे कोरडे दिवस. इंग्लंडमध्ये याच्या नेमके उलट. तेथे हिरवळीवर, दमट हवेत, पाऊस आणि खेळ यांचा लपंडाव चालू असतानाच सामने होतात. त्या काळी सामना सुरू झाला की खेळपट्टी पावसापासून आजच्यासारखी पूर्ण झाकीत नसत. भिजून वाळू लागलेल्या त्या पट्टीवर एक चेंडू घोट्याशी येई आणि त्याच जागी पडलेला दुसरा चेंडू हनुवटीशी. दिंडोरीच्या मुलाला, किंवा दादरच्या मुलालाही, असा चेंडू स्वप्नातसुद्धा दिसण्याचा संभव नव्हता.

ही स्थिती केवळ खेड्यापाड्यांतील पटांगणांची होती असे नाही. आपली पहिल्या प्रतीची मैदानेही फलंदाजांची लाड करणारीच होती. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर यांनी महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या आणि प्रतिपक्षाने सामना अर्ध्यावर सोडून दिला. पुढच्याच मार्चमध्ये पुण्यास मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजी करंडकाचा उपान्त्य सामना झाला. तो सात दिवस चालला. त्यात दोन्ही संघांच्या मिळून २,३७६ धावा झाल्या आणि नऊ शतके निघाली. त्या सामन्यात मुंबईच्या पहिल्या डावात २०० धावा काढणारे फलंदाज होते माधव मंत्री, तेच मंत्री, ज्यांचा लीड्सवर शून्यावर त्रिफळा उडाला. पुण्याचे मंत्री आणि लीड्सचे मंत्री ही दोन माणसे नव्हती. पट्टी दोन होत्या. निर्जीव पट्टीवर धावांचे डोंगर उभे राहतात, लोक खूष होतात, आणि त्या डोंगराखाली फलंदाजाचे अर्धे शिक्षण गाडले जाते, हे त्या वेळी कोणाच्या फारसे लक्षात आले नाही.

दुसरे उत्तर गोलंदाजांत आहे. भारताला वेगवान गोलंदाज कधीच नव्हते असे नाही. १९३२ साली लॉर्ड्सवर मोहम्मद निसार आणि अमरसिंग यांनी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी केली होती. त्या सकाळी गांगरून जाण्याची पाळी इंग्लिश फलंदाजांवर आली होती, आणि त्यांना कोणी भित्रे म्हटले नव्हते. अमरसिंग १९४० साली तरुण वयातच वारले. निसार यांचा काळ संपला. पुढची आशा होती लाहोरच्या फझल महमूद यांच्यावर. १९४७–४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारतीय संघात त्यांची निवडही झाली होती. परंतु फाळणी झाली, आणि ते पाकिस्तानचे झाले. पंजाबच्या ज्या भागातून वेगवान गोलंदाज निपजत तो भागच सीमेपलीकडे गेला. मागे राहिले ते मंकड, गुलाम अहमद, सदू शिंदे यांच्यासारखे फिरकी गोलंदाज, आणि फडकर, रामचंद यांच्यासारखे मध्यम गतीचे. रोजच्या सरावात ज्यांना ट्रूमनच्या तोडीचा एकही गोलंदाज भेटत नव्हता, त्यांची ट्रूमनशी पहिली भेट कसोटी सामन्यातच झाली.

याची साक्ष त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मिळाली. पाकिस्तानचा संघ पहिल्या कसोटी मालिकेसाठी भारतात आला. दिल्लीच्या सामन्यात मंकड यांनी तेरा गडी बाद करून भारताला जिंकून दिले. लखनौला मात्र फझल महमूद यांनी बारा बळी घेतले आणि भारत डावाने हरला. जो माणूस भारतीय फलंदाजांना रोज सराव देऊ शकला असता, त्यानेच त्यांना बाद केले. अखेरीस भारताने ती मालिका २–१ अशी जिंकली. मुंबईच्या सामन्यात हजारे यांनी नाबाद १४६ आणि उम्रीगर यांनी १०२ धावा केल्या.

तिसरे उत्तर मनाचे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. एकदा फलकावर शून्यावर चार लागले की पुढच्या सामन्यात आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तो फलक असतो. लीड्सला जे अपरिचयाने घडले ते मँचेस्टर आणि ओव्हलवर काही अंशी धास्तीनेही घडले असणार. पण धास्ती ही पराभवाची संतती होती, जननी नव्हती. कारण आणि परिणाम यांची अशी उलटापालट झाली की माणसावर अन्याय होतो.

त्या सर्व पडझडीत एक माणूस उभा होता. हजारे यांच्या त्या मालिकेतील सात डावांच्या धावा अशा : ८९, ५६, नाबाद ६९, ४९, १६, १६ आणि ३८. एकूण ३३३, सरासरी ५५.५०. एकदाही ते एकेरी आकड्यात बाद झाले नाहीत. हा मितभाषी, संकोची माणूस. त्यांचे नेतृत्व फार सावध, फार बचावाचे होते असा आक्षेप घेतला जातो, आणि तो निराधार नाही. परंतु ४२ बाद तीन, शून्य बाद चार अशा अवस्थेत ज्याला वारंवार आत जावे लागते, त्याच्या स्वभावात सावधपणा मुरला तर नवल नाही. हजारे यांना हे का जमले? १९४८ साली ॲडलेडला, लिंडवॉल आणि मिलर यांच्या वेगापुढे, त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन शतके काढली होती. म्हणजे वेगाची शाळा त्यांनी अगोदर केलेली होती. जे इतरांना १९५२ मध्ये शिकावे लागले ते त्यांचे शिकून झाले होते.

इतरांनीही ते शिकून दाखविले. इंग्लंडनंतर अवघ्या काही महिन्यांत, १९५३ च्या आरंभी, भारतीय संघ हजारे यांच्याच नेतृत्वाखाली वेस्ट इंडीजला गेला. पाच सामन्यांपैकी फक्त एक गमावला. ज्यांच्या नावापुढे पाच भोपळे लागले होते त्या पंकज रॉय यांनी किंग्स्टनला १५० धावा काढल्या आणि लीड्सला शून्यावर गेलेले मांजरेकर यांच्यासह २३७ धावांची भागी केली. पंचाकडे सरकण्याबद्दल ज्यांची टवाळी झाली त्या उम्रीगर यांनी त्या मालिकेत दोन शतकांसह ५६० धावा केल्या. रॉय यांनी पुढे १९५६ साली मद्रासला मंकड यांच्याबरोबर सलामीला ४१३ धावा जोडल्या आणि उम्रीगर यांनी १९५९ साली त्याच मँचेस्टरला ११८ धावा काढल्या. भित्र्या माणसांची ही कामगिरी नव्हे.

व्यक्ती सावरल्या, परंतु व्यवस्था सावरण्यास फार वेळ लागला. १९५९ साली इंग्लंडला गेलेला भारतीय संघ पाचही कसोटी सामने हरला. त्याचे कर्णधार दत्ताजीराव गायकवाड होते, लीड्सच्या त्या चारांपैकीच एक. मुलांना उसळत्या चेंडूची सवय लावावी, गोलंदाजांना साथ देणारी पट्टी तयार करावी, वेगवान गोलंदाज हेरून त्यांना वाढवावे, ही कामे डोळ्यांत भरणारी नसतात. धावांच्या डोंगरावर टाळ्या पडतात. चांगल्या पट्टीवर टाळ्या पडत नाहीत. म्हणूनच ती कामे मागे पडत गेली. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत भारताने मालिका जिंकल्या तेव्हा १९५२ ला एकोणीस वर्षे उलटली होती.

त्या १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात एकवीस वर्षांच्या सुनील गावसकर यांनी ७७४ धावा केल्या. माधव मंत्री हे त्यांचे मामा. लहानपणी भाच्याने मामाच्या कपाटातील भारतीय संघाचा स्वेटर अंगावर घालावयाची परवानगी मागितली, तेव्हा मामाने ती दिली नाही. तो असा घालता येत नाही, तो मिळवावा लागतो, असे सांगितले. मंत्री यांच्या वाट्याला अवघे चार कसोटी सामने आले आणि त्यांतही लीड्सचे शून्य आले. तरी त्या स्वेटरची किंमत त्यांच्या मनात तसूभरही कमी झाली नव्हती.

पुढे १९९० साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्याचे व्यवस्थापक म्हणून मंत्री बरोबर होते. ऑगस्टमध्ये मँचेस्टरला, जेथे १९५२ साली एका दिवसात भारताचे दोन डाव कोसळले होते, सामना वाचविण्याची वेळ आली. सतरा वर्षांचा सचिन तेंडुलकर अखेरपर्यंत उभा राहिला आणि नाबाद ११९ धावा काढून त्याने पराभव टाळला. त्याचे ते पहिले कसोटी शतक. मंत्री २०१४ साली वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी निधन पावले. हरलेल्या संघाची हकीकत हंगामाच्या शेवटच्या दिवशी मिटवून टाकली तर तिच्यातून उपहासापलीकडे काही हाती लागत नाही. ती पुढच्या पिढीपर्यंत वाचीत गेले म्हणजे शून्याचाही हिशेब लागतो.